शासकीय वृद्धाश्रम आणि निवारा केंद्रातील ज्येष्ठांचे आरोग्य : काय पाहावे, केव्हा दवाखान्यात न्यावे

समजा, तुमच्या ओळखीच्या एक मावशी चार महिन्यांपासून वृद्धाश्रमात आहेत. वय ७४. मूलबाळ नाही, पती गेले, भाड्याची खोली सुटली. महिन्याभराने तुम्ही भेटायला जाता तेव्हा त्या पलंगावर पडून असतात. हाक मारली तर डोळे उघडतात, पण तुम्हाला ओळखत नाहीत. शेजारच्या पलंगावरच्या आजी सांगतात, "तीन दिवस झाले, अशाच आहेत." कर्मचारी म्हणतात, "वय झालं आता, काय करणार?"

दवाखान्यात नेल्यावर लघवीचा जंतुसंसर्ग निघतो आणि अंगातले पाणीही कमी झालेले असते. वेळेवर उपचार मिळाले तर अशा मावशी बहुतेक वेळा पुन्हा उठून बसतात, माणसे ओळखू लागतात. आणखी चार दिवस उशीर झाला असता तर कदाचित तसे झाले नसते.

हा लेख अशा ज्येष्ठांसाठी, त्यांच्या नातेवाइकांसाठी, आणि नातेवाईक नसले तर त्यांची विचारपूस करणाऱ्या शेजाऱ्यांसाठी व जुन्या मालकांसाठी आहे.

आजार लक्षात का येत नाही?

घरात म्हातारे माणूस रोज डोळ्यांसमोर असते. "बाबा आज चहा प्यायले नाहीत", "आई कालपासून पाय ओढत चालते" हे कोणाच्या तरी लगेच ध्यानात येते. संस्थेत एक-दोन कर्मचाऱ्यांवर अनेक ज्येष्ठांची जबाबदारी असते आणि त्यांच्या पाळ्या बदलतात. हे माणूस काल कसे होते, हे आज कामावर असलेल्याला ठाऊक नसते.

शिवाय म्हातारपणी आजार नेहमीची लक्षणे दाखवत नाही. न्यूमोनिया असूनही ताप येत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखण्याऐवजी नुसता दम लागतो किंवा गळून गेल्यासारखे होते. त्यात अनेक ज्येष्ठ तक्रारच करत नाहीत. आयुष्यभर गरिबीत काढलेल्या माणसाला "त्रास दिला तर इथूनही काढतील" ही भीती असते.

म्हणून या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट एवढीच : माणसात झालेला बदल ओळखा. काही दिवसांत झालेला बदल हा वयाचा परिणाम नसतो. त्यामागे कारण असते आणि ते शोधावे लागते.

कोणत्या जागांबद्दल बोलतो आहोत?

निराधार ज्येष्ठ मुख्यतः दोन प्रकारच्या सार्वजनिक निवाऱ्यांत असतात.

- शासकीय व अनुदानित वृद्धाश्रम : येथे कायम राहण्याची व जेवणाची सोय असते. आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ या कायद्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम असावा, अशी तरतूद आहे.
- शहरी बेघर निवारा केंद्रे : ही महापालिका किंवा नगरपालिकेची असतात आणि बहुधा स्वयंसेवी संस्था ती चालवतात. ती रस्त्यावर राहणाऱ्या सर्व वयांच्या लोकांसाठी असतात. पण कामावर जाऊ न शकणारे ज्येष्ठ तिथेच महिनोन्महिने राहतात.

दोन्ही ठिकाणी राहणे-खाणे मिळते. मात्र ही रुग्णालये नाहीत. पूर्णवेळ डॉक्टर किंवा नर्स असेलच असे नाही.

दाखल होताना पहिल्या आठवड्यात करायच्या गोष्टी

पुढे झालेला बदल ओळखायचा तर सुरुवातीची स्थिती लिहिलेली हवी. एक साधी वही घ्या आणि त्यात हे लिहा :

- वजन, बीपी, रक्तातील साखर आणि हिमोग्लोबिन.
- जुने आजार, झालेली ऑपरेशने, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे ते.
- सध्या चालू असलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, ताकद आणि वेळ. जुने केसपेपर वहीतच चिकटवा.
- माणूस आज काय काय करू शकते : स्वतः अंघोळ करते का, जिना चढते का, स्वच्छतागृहात एकटे जाते का, चष्मा किंवा काठी लागते का.
- स्मरणशक्ती कशी आहे : वार, महिना, गावाचे नाव सांगता येते का.
- अडचणीत कोणाला फोन करायचा ते.

वही संस्थेच्या अधीक्षकांकडे ठेवा आणि तिचा फोटो तुमच्या मोबाइलमध्ये असू द्या. रात्री अपरात्री रुग्णालयात न्यावे लागले तर ही दोन पाने डॉक्टरांचा मोलाचा वेळ वाचवतात.

नेहमी आढळणाऱ्या तक्रारी

१. वजन घटणे

दर महिन्याला एकदा वजन करायला सांगा. एका महिन्यात किंवा सहा महिन्यांत मिळून वजन ५ टक्क्यांनी कमी झाले तर तपासणी हवीच. म्हणजे ४० किलोच्या आजींचे २ किलो कमी झाले तरी ती दुर्लक्ष करण्यासारखी गोष्ट नाही.

कारण दर वेळी मोठेच असते असे नाही. दात नसल्याने भाकरी चावता येत नाही, कवळी सैल झाली, हात थरथरतो म्हणून आमटी सांडते आणि चारचौघांत लाज वाटते, असेही असते. मऊ भात, वरण, भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून, अंडे, केळे, दही अशा बदलांनी फरक पडतो. एवढे करूनही वजन घटत असेल तर क्षयरोग, मधुमेह, थायरॉइड, नैराश्य आणि कर्करोग यांची शक्यता तपासावी लागते.

२. पाणी कमी पिणे

स्वच्छतागृह लांब आहे, रात्री दिवा नाही, फरशी ओली असते. मग ज्येष्ठ संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात. त्यातून बद्धकोष्ठ, लघवीचा जंतुसंसर्ग, चक्कर आणि गोंधळलेपणा सुरू होतो. वयानुसार तहानही कमी लागते.

उपाय बहुतेक वेळा औषधाचा नसतो. पलंग स्वच्छतागृहाजवळ हलवणे, रात्रीचा दिवा, पलंगाजवळ कमोडची खुर्ची किंवा भांडे, दिवसा ठरावीक वेळी पाणी, ताक किंवा पेज देणे, याने बराच फरक पडतो. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

३. पडणे

माणूस एकदा पडले की पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. खुब्याचे हाड मोडले तर शक्यतो पहिल्या ४८ तासांत ऑपरेशन व्हावे, असा प्रयत्न असतो. उशीर होईल तसे छातीचा संसर्ग, पाठीला जखमा आणि अंथरुणाला खिळण्याचा धोका वाढतो. पडल्यानंतर पाय टेकवता येत नसेल, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल तर मालीश करत बसू नका. एक्स-रे काढा.

पडू नये म्हणून :

- झोपेतून उठताना आधी पलंगाच्या कडेला एक-दोन मिनिटे बसायला सांगा. बीपीच्या व झोपेच्या गोळ्यांमुळे एकदम उठल्यावर चक्कर येते.
- सैल स्लिपरऐवजी मागे पट्टा असलेली चप्पल द्या.
- साडी किंवा धोतर पायात येत असेल तर गाऊन, पायजमा असे सुटसुटीत कपडे द्या.
- न्हाणीघरात धरायला दांडा बसवण्याची विनंती करा. दान द्यायचे असेल तर फळांच्या पेटीऐवजी हा दांडा द्या.

४. अचानक गोंधळणे

माणूस तासा-दोन तासांत किंवा दोन-तीन दिवसांत बदलते. असंबद्ध बोलते, रात्री ओरडते, दिवसा झोपून राहते, माणसे ओळखत नाही. याला डॉक्टर डिलिरिअम म्हणतात. हे वेड नव्हे आणि नेहमीचा विसराळूपणाही नव्हे. डिमेन्शिया हळूहळू, महिन्या-वर्षांत वाढतो. डिलिरिअम अचानक येतो आणि कमी-जास्त होत राहतो.

मागे बहुधा शारीरिक कारण असते : जंतुसंसर्ग, अंगातले पाणी किंवा सोडिअम कमी होणे, साखर घसरणे, लघवी तुंबणे, तीव्र बद्धकोष्ठ, डोक्याला मार, किंवा नवीन औषध. सर्दी-खाजेसाठी दिल्या जाणाऱ्या ॲलर्जीच्या काही जुन्या गोळ्या आणि झोपेच्या गोळ्या ज्येष्ठांना असा त्रास देऊ शकतात. अशा व्यक्तीला शांत करण्यासाठी परस्पर झोपेची गोळी देणे धोक्याचे आहे. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

५. औषधांची गल्लत

सरकारी दवाखान्यातून एक पाकीट, शिबिरातून दुसरे, जुन्या डॉक्टरांचे तिसरे. नावे वेगळी, पण आत औषध एकच असू शकते, आणि माणूस बीपीची दुप्पट गोळी घेत राहते. दर तीन महिन्यांनी सगळी औषधे एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवा आणि विचारा, "यातली कोणती बंद करता येईल?"

मधुमेह असेल तर जेवणाच्या वेळा नक्की विचारा. संस्थेत रात्रीचे जेवण साडेसहाला आणि सकाळचा नाश्ता साडेआठला असेल तर मध्ये १४ तास पोट रिकामे राहते. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांची साखर पहाटे धोकादायक घसरू शकते. घाम, थरथर, बडबड ही लक्षणे दिसली आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी साखर पुन्हा तपासा. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. अशक्त ज्येष्ठांमध्ये साखर फार काटेकोर खाली ठेवण्याचा आग्रह डॉक्टरही धरत नाहीत. जेवणाच्या वेळा डॉक्टरांना सांगा, म्हणजे औषध त्याप्रमाणे ठरवता येईल.

६. खाज आणि खोकला

जवळजवळ लावलेले पलंग आणि एकत्र धुतली जाणारी पांघरुणे यामुळे हे दोन आजार पसरतात.

*खरूज :* रात्री वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ. एकालाच मलम लावून उपयोग होत नाही. त्या खोलीतल्या सर्वांवर आणि काळजी घेणाऱ्यांवर एकाच दिवशी उपचार करावे लागतात. पर्मेथ्रिन मलम सर्वांगाला रात्रभर लावून सकाळी धुतात आणि एक-दोन आठवड्यांनी पुन्हा लावतात. कपडे व चादरी गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत बंद करून किमान तीन दिवस ठेवा. बरे झाल्यावरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते.

*क्षयरोग :* दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला, वजन घटणे, संध्याकाळचा ताप, रात्री घाम. ज्येष्ठांमध्ये ताप व खोकला सौम्य असून नुसती भूक मंदावलेलीही दिसते. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी व औषधे मोफत आहेत. उपचार सुरू असताना निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये बँक खात्यात मिळतात.

७. डोळे, कान, दात

मोतीबिंदू असलेले माणूस पडते, ऐकू न येणारे माणूस "भ्रमिष्ट" ठरते. कधी कधी कानात नुसता मळ साठलेला असतो. राष्ट्रीय कार्यक्रमाअंतर्गत सरकारी रुग्णालयात मोतीबिंदूचे ऑपरेशन मोफत होते. राष्ट्रीय वयोश्री योजनेतून दारिद्र्यरेषेखालील व अल्प उत्पन्न गटातील ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, कवळी, काठी, चाकाची खुर्ची अशी साधने शिबिरांतून मोफत दिली जातात.

८. मनाचे आजार

घर सुटणे हे दुःख आहे आणि ते वाटणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ माणूस बोलत नसेल, जेवत नसेल, पहाटे तीनला जागे होऊन बसत असेल, आवडत्या भजनालाही येत नसेल, तर ते नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत आणि ते म्हातारपणीही लागू पडतात. ब-१२ जीवनसत्त्वाची व थायरॉइडची तपासणीही करून घ्यावी.

"आता देवाने न्यावं" हे वाक्य सवयीचे म्हणून सोडून देऊ नका. शांतपणे विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असे विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो असेल तर त्यांना एकटे सोडू नका, कर्मचाऱ्यांना सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तिथे दिवसरात्र बोलता येते.

भेटीला जाल तेव्हा : दहा मिनिटांची पाहणी

- चेहरा व कपडे पाहा. मागच्या भेटीपेक्षा कपडे, बांगड्या, अंगठी सैल झाली आहे का?
- त्यांना चार पावले चालायला सांगा. मागच्या वेळेसारखे चालतात का?
- काल काय जेवलात, ते विचारा. उत्तरावरून भूकही कळते आणि स्मरणशक्तीही.
- तोंड व जीभ कोरडी आहे का? शौचाला कधी झाले?
- पायाची बोटे, टाचा पाहा. अंथरुणाला खिळलेले असतील तर कमरेखालची त्वचाही पाहा. दाबूनही न जाणारा लालसरपणा ही जखमेची पहिली खूण आहे. अशांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते.
- अंगावर वळ किंवा न सांगता येणारे व्रण आहेत का?
- शेवटी, त्यांना एकांतात विचारा, "इथे कोणी ओरडतं का? काही कमी पडतं का?"

त्वचा पाहण्याआधी त्यांची परवानगी घ्या, आडोसा करा. ज्याचे घर गेले आहे त्याची लाज तरी शाबूत राहिली पाहिजे. कर्मचाऱ्यांशी आवाज न चढवता बोला. बहुतेक जण अपुऱ्या मनुष्यबळात राबत असतात आणि तुम्ही सांगितलेला बदल त्यांना उपयोगीच पडतो.

ताबडतोब रुग्णालयात न्या

पुढीलपैकी काहीही झाले तर वाट पाहू नका, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा :

- तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे. पक्षाघातात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षण किती वाजता दिसले ते लिहून ठेवा.
- छातीत दुखणे, दम लागणे, ओठ निळसर होणे.
- अचानक गोंधळणे किंवा न उठवता येणारी झोप.
- पडल्यानंतर उभे राहता न येणे, किंवा डोक्याला मार लागून उलटी होणे.
- १२ तास लघवी न होणे, काळी शौच, रक्ताची उलटी.
- उन्हाळ्यात अंग तापून माणूस बरळू लागणे.

कोणती मदत मिळू शकते?

- आयुष्मान वय वंदना कार्ड : ७० वर्षे किंवा अधिक वयाच्या कोणालाही, उत्पन्नाची अट न घालता, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचार. आधार लागते. बाह्यरुग्ण विभागातील रोजच्या गोळ्या यात येत नाहीत.
- महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना : महाराष्ट्रात ठरावीक आजारांवर योजनेतील रुग्णालयांत विनामूल्य उपचार.
- श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना : ६५ वर्षांवरील निराधारांसाठी. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायला विसरू नका.
- एल्डरलाइन, क्रमांक १४५६७ : ज्येष्ठांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन. निवारा, छळ, हरवलेले ज्येष्ठ, कायदेशीर माहिती यांसाठी मोफत.

आधार कार्ड नसल्यामुळे अनेकांचे सगळे अडते. दाखल झाल्यावर पहिल्याच महिन्यात संस्थेच्या पत्त्यावर आधार काढून किंवा दुरुस्त करून घ्या.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नातेवाईक नाहीत, मग ऑपरेशनसाठी सही कोण करणार?
रुग्ण शुद्धीवर असेल आणि सांगितलेले समजत असेल तर त्याची स्वतःची संमती पुरेशी आहे. जीव वाचवण्यासाठी तातडीचे उपचार करताना संमतीसाठी थांबण्याची गरज नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केले आहे की तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे, सरकारी असो वा खासगी, कर्तव्य आहे.

मुलगा आहे, पण सांभाळत नाही. काही करता येईल का?
२००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे चरितार्थासाठी अर्ज करता येतो. वकील लागत नाही. ज्याच्यावर काळजीची जबाबदारी आहे त्याने ज्येष्ठाला कायमचे सोडून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

आम्हीच परिस्थितीमुळे वडिलांना तिथे ठेवले. त्यांची तब्येत ढासळणारच का?
नाही. वेळेवर जेवण, औषधे आणि सोबत मिळाल्याने काहींची तब्येत सुधारतेही. अपराधीपणामुळे भेटणेच टाळू नका. जवळ राहत नसाल तर ठरलेल्या वारी फोन करा. त्यांचा आवाज नेहमीसारखा आहे की नाही, हे तुमच्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार नाही.

मी रक्ताचा नातेवाईक नाही. माझे कोण ऐकेल?
वहीत संपर्काची व्यक्ती म्हणून, त्या ज्येष्ठांच्या संमतीने, तुमचे नाव लिहून घ्या. डॉक्टरांना सांगायला एवढे वाक्य पुरे आहे : "मी यांना ओळखतो. हे गेल्या रविवारी असे नव्हते." तपासणीची सुरुवात तिथूनच होते.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. औषध सुरू, बंद किंवा बदल करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*